महत्त्वाचा कागद आत

या जगातली कुठलीही वस्तू उघडी ठेवण्याच्या लायकीची नाही, असं मनापासून मानणारा माणूस मी एकच पाहिला, आणि तो गेली चाळीस वर्षं माझ्या डोक्यावर राहतो. म्हणजे तिसऱ्या मजल्यावर, मी दुसऱ्यावर. सगळी सोसायटी त्यांना काका म्हणते. वय पंच्याऐंशी, उंची बेताची, पाठ ताठ, वरचे दात गेलेले, खालचे शाबूत. एका सरकारी कचेरीत ते आवक-जावक कारकून होते. आलेलं टपाल नोंदवायचं आणि जाणारं टपाल पाकिटात घालून रवाना करायचं, हे काम त्यांनी निवृत्तीपर्यंत केलं. कचेरी सुटून सत्तावीस वर्षं झाली, पाकिटं सुटली नाहीत. मी वर्तमानपत्रात काम केलेलं असल्यामुळे ही माहिती पहिल्याच परिच्छेदात देऊन टाकतो. पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे.

काका पाकिटं विकत घेत नाहीत, करतात. जुनी कॅलेंडरं, लग्नपत्रिका, औषधांच्या दुकानातले खाकी कागद असा माल घरी सतत साठलेला असतो. आमच्या पेपरची रविवारची पुरवणी पाकिटाला उत्तम, असं ते मला नेहमी सांगत. मजकुराबद्दल त्यांनी कधी अभिप्राय दिला नाही. खिडकीशी एक टेबल, टेबलावर बाभळीच्या डिंकाची बाटली, बाटलीत ब्रश. पण ब्रश नावालाच. डिंक ते उजव्या हाताच्या तर्जनीने लावतात. ब्रशला कागदाचा काठ कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. या पाकिटांत घरातलं सगळं जातं. चष्मा पाकिटात, किल्ली पाकिटात, कढीपत्ता पाकिटात. रात्री काढून ठेवायच्या दातांसाठी एक खास पाकीट आहे, त्यावर सुवाच्य अक्षरात ‘कवळी (वरची)’ असं लिहिलेलं आहे. खालची कवळी नसताना कंसाची गरज काय, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, “पुढेमागे खालची आली तर? तेव्हा घोटाळा नको.”

दुसरी सवय पोच घेण्याची. माझ्या बायकोने वर शिऱ्याची वाटी पाठवली की अर्ध्या तासात चिठ्ठी येते: ‘वाटी एक, शिऱ्यासह, पोचली.’ वाटी परत आली की खाली सही करून चिठ्ठी वर पाठवायची. नव्याने राहायला आलेल्या एका गुजराती कुटुंबाला हा प्रकार कळेना. त्यांनी ढोकळा वर पाठवला, उलट काकांची चिठ्ठी आली, आणि त्या बिचाऱ्या बाई माझ्याकडे धावत आल्या, “अंकलने कम्प्लेन लिखी है क्या?” मी त्यांना समजावलं. आता त्या सही करतात, खाली तारीखही घालतात.

पण काकांचं मुख्य तत्त्व वेगळंच. एका पाकिटावर त्यांचा विश्वास नाही. पाकिटात पाकीट हवं, आणि त्यातही क्रम ठरलेला: कमी महत्त्वाचं बाहेर, महत्त्वाचा कागद आत. हे वाक्य त्यांच्या तोंडून मी इतक्या वेळा ऐकलं आहे की आमच्या इमारतीची मुलं काका दिसले की त्यांच्याच आवाजात ते म्हणतात. या तत्त्वाला पुरावा मिळाला तो एका माकडामुळे. आमची इमारत बोरीवली पूर्वेला, नॅशनल पार्कच्या कडेला. माकडं येतात, खिडकीतून हात घालतात, सापडेल ते नेतात. एका सकाळी एक आडदांड माकड काकांच्या टेबलावरचं जाडसर पाकीट घेऊन समोरच्या पाण्याच्या टाकीवर जाऊन बसलं. आम्ही सगळे गॅलरीत. माकडाने पहिलं पाकीट फाडलं, आत दुसरं. दुसरं फाडलं, आत तिसरं. तिसरं त्याने उलटंपालटं केलं, हुंगलं, आमच्याकडे अतिशय त्रासून पाहिलं आणि टाकून दिलं. त्या तिसऱ्यात काकांच्या पेन्शनचा आदेश होता. “बघितलंस?” काका मला वरून ओरडून म्हणाले, “आत होता म्हणून वाचला!” त्यांच्या मुलीच्या लग्नाच्या वेळीही असंच झालं होतं. तिची पत्रिका त्यांनी वरपक्षाला दिली ती चार पाकिटांत. तिसऱ्यातून चौथं निघालं तेव्हा मुलाच्या मामांना हसू आवरेना, आत्या हसायला लागली, आणि शेवटी पत्रिका न बघताच लग्न ठरलं. मुलगी आज कोल्हापुरात सुखात आहे.

काकू सावंतवाडीकडच्या. बाहेरच्यांशी त्या मुंबईची मराठी बोलतात, नवऱ्याशी आणि चिडल्यावर मालवणी. म्हणजे दिवसाचा बराच वेळ मालवणीच. काकांच्या पाकिटांवर त्यांनी आयुष्यभर तोंडसुख घेतलं, आणि त्यातलं सगळ्यात लाडकं निवडणुकीचं होतं.

कारण असं की काकांना प्रत्येक निवडणुकीला ड्युटी लागायची. कधी मुलुंड, कधी घाटकोपर, एकदा जोगेश्वरी. पण आपल्या मतदारसंघात कधीच नाही. त्यामुळे आपल्या केंद्रावर जाऊन मत देणं शक्य नव्हतं. अशा कर्मचाऱ्यांसाठी टपाली मतदान असतं. अर्ज केला की मतपत्रिका हातात मिळते, तिच्यासोबत एक घोषणापत्र, एक छोटं पाकीट, एक मोठं पाकीट आणि एक सूचनापत्रक. घोषणापत्रावर आपण सही करायची आणि अधिकाऱ्याकडून ती साक्षांकित करून घ्यायची. म्हणजे ज्या माणसाला पाकिटात पाकीट घालायला आवडतं, त्याला सरकार दर निवडणुकीला पाकिटात पाकीट घालायला सांगत होतं. काकांना लोकशाहीबद्दल जो गाढ आदर आहे त्याचं मूळ इथे आहे, असं माझं मत आहे. प्रशिक्षणाचा वर्ग संपला की हाताखालच्या पोरांना ते बाजूला घेत आणि स्वतः शिकवत. सूचनापत्रक ते उघडतसुद्धा नसत. “आवक-जावकच्या माणसाला पाकीट कसं भरायचं ते कागद सांगणार?” असं विचारत.

मतदान झालं की संध्याकाळी काकू शाई लावलेलं बोट नाचवत जिन्यात उभ्या राहायच्या. “माझ्या बोटाक शाई, तुमच्या बोटाक डिंक! लोकांनी ओळखूचां कसां, तुम्ही मत दिलात म्हणान?”

“माझं सगळ्यात आधी मोजतात,” काका शांतपणे म्हणत. “तुमचं नंतर.”

ते खरं होतं. मोजणीला टपाली मतं आधी घेतात. त्यामुळे मोजणीच्या दिवशी सकाळी आठला आमच्या वृत्तसंपादकाच्या टेबलावरचा फोन वाजायचा. तिथे त्या वेळी एकाला दुसऱ्याशी बोलायला फुरसत नसायची, आणि कुणीतरी ओरडायचं, “तुझे वरच्या मजल्यावरचे!” मी फोन घेई.

“पेपरवाल्या, टपालीला सुरुवात झाली का?”

“झाली, काका.”

“मग आता माझं,” ते म्हणत, आणि समाधानाने फोन ठेवत. प्रत्येक निवडणुकीला हेच तीन संवाद. मीही खातरजमा करूनच ‘झाली’ म्हणत असे.

निवृत्तीनंतर हे सुख गेलं. काकांना काकूंबरोबर समोरच्या शाळेत जाऊन रांगेत उभं राहावं लागलं, आणि पुढे तर कागदही गेला, यंत्र आलं. पहिल्यांदा यंत्रावर मत देऊन परत आले तेव्हा चेहरा पडलेला होता. “बटण दाबलं, शिट्टी वाजली, संपलं,” ते म्हणाले. “बंद काय केलं मी? काहीच नाही.” तर्जनीवरची शाई त्यांनी मला अशी दाखवली की जणू कुणाची तरी चूक अंगाला लागली आहे. मत मात्र त्यांनी एकदाही चुकवलं नाही. पण मोजणीच्या सकाळी माझा फोन वाजेनासा झाला.

मग कधीतरी वयस्कर मतदारांसाठी घरून टपाली मतदानाची सोय आली. ही बातमी मीच त्यांना दाखवली, आणि तेव्हापासून हा माणूस म्हातारा होण्याची वाट पाहू लागला. वयाची अट आधी ऐंशीची होती. काका ऐंशीच्या पुढे पोचले होते, निवडणूक जवळ आली होती, आणि नेमकी तेव्हा अट पंच्याऐंशीची झाली. काकांना पंच्याऐंशीवं चालू होतं, पूर्ण झालं नव्हतं. “माझ्यावर कुणाचा डोळा आहे?” त्यांनी मला विचारलं. त्या खेपेलाही बटण दाबून आले. पुढे विधानसभा लागली तेव्हा मात्र पंच्याऐंशी पूर्ण होऊन दोन महिने झाले होते. सोसायटीने केक आणला होता. काकांनी अधिसूचनेच्या तारखेची चौकशी सुरू केली होती.

मतदारयादीचं काम बघणाऱ्या बाई, एका पालिका शाळेतल्या शिक्षिका, बारा-ड नमुन्याचा अर्ज घेऊन आल्या तेव्हा मी तिथे होतो. अर्ज अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत भरून द्यायचा असतो. बाईंनी तीन मजले चढून दम घेतला, काकांकडे पाहिलं. काका स्टुलावर उभे राहून माळ्यावरचे खाकी कागद काढत होते.

“आजोबा तुम्हीच का?” बाईंना खरं वाटेना. “घरी मतदान तुम्हाला हवंय?”

“काका म्हणा. हो, मलाच.”

“धडधाकट माणूस,” काकू आतून म्हणाल्या. “शाळा समोर. शंभर पावलां चलान जाऊक नको, पाच माणसां घराक येऊक होयी!”

“नियमात वय लिहिलंय, पाय नाही लिहिलेले,” काका म्हणाले.

बाई प्रामाणिक होत्या. त्यांनी स्पष्ट सांगितलं, की अर्ज मंजूर झाला की यादीत नावापुढे तशी खूण होते, मग केंद्रावर जाऊन मत देता येत नाही. काका म्हणाले, “तेच हवंय.” मग बाईंनी एक कागद पुढे केला. “अर्ज मिळाल्याची पोच द्यावी लागेल.”

काका स्टुलावरून उतरले. आयुष्यभर त्यांनी जगाकडे पोच मागितली होती. जगाने त्यांच्याकडे पहिल्यांदाच मागितली. त्यांनी बाईंना चहा दिला, वर बेसनाचा लाडू दिला. भरलेला अर्ज पाकिटात घालून देण्यावरून थोडा वाद झाला, बाई म्हणाल्या “नुसता द्या हो, फाइलला लावायचाय”, शेवटी एकाच पाकिटावर तडजोड झाली.

पथक यायच्या दिवशी काका पहाटेपासून तयार. इस्त्रीचा पांढरा शर्ट, नवा डिंक, गाळलेला. मला त्यांनी वर बोलावलं, “ये, बघ एकदा. पुढच्या मोजणीला तुला पुन्हा फोन येणार.” मी आता निवृत्त आहे, घरीच असतो, फोनची गरज नाही, हे सांगून उपयोग नव्हता. सोसायटीतल्या बारा जणांना त्यांनी मोजणीच्या दिवशी सकाळी आठचं आमंत्रण देऊन ठेवलं होतं. पाकिटातून.

अकराच्या सुमारास पाच माणसं आली: दोन अधिकारी, एक निरीक्षक, एक पोलीस, एक व्हिडिओवाला. मुख्य अधिकारी तिशीतल्या मॅडम होत्या. त्यांनी जेवणाच्या टेबलावर पुठ्ठ्याचा आडोसा उभा केला आणि पिशवीतून सामान काढलं. त्यात पाकीट चिकटवायची कांडी होती.

“ही कसली लिपस्टिक?” काकांनी विचारलं.

“ग्लूस्टिक आहे, आजोबा.”

“त्याने पाकीट मिटतं. बंद होत नाही.” काकांनी आपली बाटली पुढे ठेवली. मॅडमनी निरीक्षकांकडे पाहिलं, निरीक्षकांनी छताकडे. बाटली राहिली.

घोषणापत्रावर काकांनी सही केली, मॅडमनी ती साक्षांकित केली. मग त्या पद्धत समजावू लागल्या, पण काकांनी हात वर केला. “बाई, तुमच्या जन्माआधीपासून करतोय.” मतपत्रिका घेऊन ते आडोशामागे गेले. मी आणि काकू स्वयंपाकघराच्या दारात. काका बाहेर आले, मतपत्रिका छोट्या पाकिटात घातलेली, पाकीट अजून उघडं. टेबलावरचं घोषणापत्र उचललं, नीट चार घड्या घातल्या, आणि तेही त्याच छोट्या पाकिटात सरकवू लागले.

“थांबा, थांबा!” मॅडमनी त्यांचा हात धरला. “ते त्यात नाही. छोट्यात फक्त मतपत्रिका. घोषणापत्र मोठ्या पाकिटात.”

काका हसले. प्रशिक्षणातल्या पोरांना हसायचे तसं. “तुम्ही नवीन आहात. मतपत्रिकेवर माझं नाव नसतं. नाव, सही, तुमची सही, सगळं या कागदावर. मग महत्त्वाचा कोणता? महत्त्वाचा कागद आत.”

“अहो, पण मोजताना आधी मोठं पाकीट उघडतात ना. त्यात हे घोषणापत्र सापडलं, तर छोटं उघडायचं. नाही सापडलं, तर छोटं उघडतच नाहीत.”

“उघडत नाहीत म्हणजे?”

“तसंच बाजूला ठेवतात. बाद.”

“आणि आतलं मत?”

“आतच राहतं.”

काकांनी हात मागे घेतला. “हा नियम कधी आला?”

“पहिल्यापासून हाच आहे, आजोबा. पत्रकात लिहिलंय.” मॅडमनी सूचनापत्रक त्यांच्यासमोर ठेवलं. काकांनी चष्मा पाकिटातून काढला, लावला, आणि ओळीखाली बोट धरून ते सगळं वाचलं. उभ्यानेच. वाचून झाल्यावर पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचलं. व्हिडिओवाल्याने हळूच विचारलं, “मॅडम, चालू ठेवू?”

मी काकूंकडे पाहिलं. पन्नासेक वर्षं ज्या संधीची वाट पाहावी अशी संधी त्यांच्यासमोर होती. त्यांनी तोंड उघडलंही. मग मिटलं. पुढे होऊन त्या नवऱ्याच्या कोपराला हात लावून म्हणाल्या, “आता करा ओ बरोबर. तेंका अजून चार घरां घेवची आसत.”

काकांनी छोटं पाकीट घेतलं. घोषणापत्र बाहेर काढलं. तर्जनी डिंकात बुडवून काठावरून फिरवली, पाकीट बंद केलं, मोठ्यात घातलं. मग घोषणापत्राच्या घड्या उलगडून ते त्याच्या शेजारी ठेवलं, आणि मोठंही बंद केलं. हे सगळं इतकं सावकाश झालं की पोलिसाने दारातच बसून घेतलं.

पाकीट मॅडमच्या हातात देताना त्यांनी सवयीने विचारलं, “पोच?”

“याची पोच नसते, आजोबा.”

काकांनी मान हलवली. शिऱ्याच्या वाटीची पोच घेणाऱ्या माणसाला मताची पोच कधीच मिळाली नव्हती, आणि हे त्यांच्या लक्षात आत्ताच येत होतं.

पुढचे तीन दिवस वरून काही आलं नाही. चौथ्या दिवशी काकू खाली आल्या. चपला न घालता.

“मेल्या, तू पेपरवालो मां? कायतरी कर. चष्मो उघडो घेवन फिरतत.”

मी वर गेलो. चष्मा खरोखरच टेबलावर नुसता पडला होता. किल्ली खुंटीला. डिंकावर साय धरली होती. काका खुर्चीत. मी म्हटलं, “काका, झालं ते झालं. निवृत्तीनंतरची तुमची सगळी मतं मोजली गेली की.”

“ती बटणं,” ते म्हणाले. जरा थांबून म्हणाले, “माझं सोड. माझा गाढवपणा मी भोगीन. पण मी पोरांना शिकवलं रे. प्रत्येक निवडणुकीला, एकेकाला बाजूला घेऊन. त्यांची मतं मी घालवली. त्यांना माहीतही नाही.” मग म्हणाले, “दहिसरला तो आहे बघ. माझ्या हाताखाली बारा वर्षं होता. त्याला विचार. मला विचारवत नाही.”

हा दहिसरचा गृहस्थ आता सत्तरीच्या पुढचा. मी त्याच संध्याकाळी त्याला फोन केला, सगळं सांगितलं, आणि तो छोट्या पाकिटात काय घालत असे ते विचारलं. फोनवर तो बराच वेळ काही बोलला नाही. मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणाला, “उद्या येतो.”

सकाळी दहाला तो आला. चेक नाक्याजवळच्या दुकानातून आणलेली फरसाणाची पिशवी त्याने काकूंच्या हातात दिली आणि काकांच्या समोर खुर्ची ओढून बसला.

“साहेब, काय हो हे? पेपरवाले सांगतात, तुम्ही जेवत नाही.”

“तू घोषणापत्र कुठे घालायचास?” काकांनी सरळ विचारलं.

“मोठ्या पाकिटात.”

“मी सांगितलं होतं छोट्यात.”

“हो ना. तुम्ही सांगायचात, आम्ही माना डोलवायचो. मग कँटीनमध्ये जाऊन पत्रक वाचायचो आणि त्यात लिहिलंय तसं करायचो.”

“आम्ही म्हणजे?”

“सगळे.”

“म्हणजे माझं कुणीच ऐकलं नाही?”

“एकानेही नाही, साहेब. तुमचं कोण ऐकणार? तुम्ही डबासुद्धा पाकिटात आणायचात.”

काका खुर्चीत पुढे सरकले. मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू जे पसरलं ते मी नेमक्या शब्दात सांगू शकत नाही. राग होता, पण राग इतका सुखाचा मी पाहिलेला नाही. “नालायक,” ते म्हणाले. “सगळे एकजात नालायक. बारा वर्षं शिकवलं मी तुम्हाला!”

“हो साहेब.”

“अगं, याला चहा दे. नालायकाला.”

“देतंय,” काकू म्हणाल्या, आणि पदराने नाक पुसत आत गेल्या.

चहा झाल्यावर मी त्या गृहस्थाला खालपर्यंत सोडायला गेलो. जिन्यात आम्ही दोघंच होतो. फोनवरच्या त्या शांततेबद्दल विचारायला तीन मजले पुरेसे होते. मी नोकरीत असताना एकाच माणसाच्या शब्दावर कधी ओळ छापली नाही. दुसरीकडून खात्री केल्याशिवाय पान सोडलं नाही. ही एक गोष्ट मी तशीच सोडली. फाटकाशी तो म्हणाला, “साहेबांना जपा हो,” आणि रिक्षा शोधायला गेला.

मतदानाच्या दिवशी काकू एकट्याच समोरच्या शाळेत गेल्या. काका गॅलरीतून बघत होते. परत आल्यावर त्यांनी बोट नाचवलं नाही. शाईवर पदर धरून तशाच आत गेल्या. काकांनी ते पाहिलं असावं. दुपारी माझ्याकडे चिठ्ठी आली: ‘फरसाण, वाटी एक, पाठवत आहे. पोच द्यावी.’ चिठ्ठी पाकिटात होती. एकाच.

मोजणीच्या दिवशी आमंत्रण दिलेल्या बारा जणांपैकी कुणी वर गेलं नाही; काकूंनी दारोदार जाऊन सांगितलं होतं. मी आठला पाच मिनिटं कमी असताना गेलो. टीव्ही चालू होता, आवाज बारीक. काका खुर्चीत, हात मांडीवर. उजव्या हाताच्या तर्जनीवर जुन्या डिंकाचा पापुद्रा तसाच होता. गेले काही दिवस त्यांनी तो खरवडून काढला नव्हता. आठ वाजून चार मिनिटांनी पडद्यावरची मुलगी म्हणाली की टपाली मतांची मोजणी सुरू झाली आहे. आकडा अजून कुठलाच नव्हता. मोजणी सुरू झाल्याचं पडद्यावर स्वच्छ लिहूनही आलं होतं. तरी काकांनी माझ्याकडे मान वळवली.

“पेपरवाल्या, सुरुवात झाली का रे?”

“झाली, काका.”

त्यांनी पुढचं वाक्य म्हटलं नाही. पडद्याकडे बघत राहिले. स्वयंपाकघरातली फोडणीची चरचर थांबली, काकू हात पुसत बाहेर आल्या, बोटावर अजून काळी शाई, आणि खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

“मगे,” त्या म्हणाल्या, “आता तुमचां.”